मी डहाळीवरून गेले

खर्रर्र!

भर दुपारी कुडाच्या घरात सगळं चिडीचूप होतं, आणि हंड्याच्या तळाला तांब्या घासला. हंडा रिकामा झाला की असाच आवाज येतो. जनाने खांद्यापर्यंत हात आत घालून तांब्या पुन्हा फिरवला. घोटभर पाणी निघालं. ते तिने लेकीच्या, आवडीच्या ओठांना लावलं, तिच्या हनुवटीवरचा थेंब बोटाने टिपून पुन्हा तिच्याच तोंडात घातला, आणि मग ती माझ्याकडे बघत राहिली.

मित्रांनो, ती रागावली होती. आणि तिचं बरोबर होतं.

मी त्या कुडाला टेकून उभी असलेली एक जुनी काळी सायकल. माझ्या मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगाने चारचा आकडा काढलेला आहे, कारण मी भाड्याची होते. १९५८ साली कशेळ्याच्या कमळाकरने दुकान टाकलं तेव्हा आम्ही सहाजणी ओळीने उभ्या असायचो. दसऱ्याला हँडलला झेंडूची माळ, दर सोमवारी साखळीला तेल. बाजाराच्या दिवशी तर आम्हाला उसंत नसायची.

दुकानात पंक्चर काढायला शुक्रा होता. डोंगराखालच्या बेहेड्याच्या वाडीतून तो रोज चालत यायचा. दुसरे कारागीर पंक्चर शोधायला ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवतात आणि बुडबुडे बघतात. शुक्रा ट्यूब गालाशी धरायचा आणि डोळे मिटायचा. वारा लागला की बोट ठेवायचा, "हितं हाय." कमळाकर हसायचा, "अरं, घमेलं भरून ठेवलंय ना तुझ्यापुढं?" शुक्रा म्हणायचा, "गाल हाय तवर पानी कशाला खराब करायचं?"

हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. मी विसरू शकलेले नाही.

पुढे मुंबईहून सायकलवरून भटकणारी मंडळी येऊ लागली. खोपोलीहून निघायचं, पळसदरीच्या तलावाशी डबे सोडायचे, कर्जतहून कडावमार्गे कशेळ्याला मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी डोंगराखालच्या तळ्यावर जायचं. वाट दाखवायला शुक्रा, आणि शुक्राच्या खाली मी. काय दिवस होते ते! भात पोटरीला आलेलं असायचं, बांधावर सोनकी पिवळीधमक, आणि तळ्याकाठच्या लाल वाटेवर माझी चाकं अशी पळायची की शुक्रा दोन्ही हात सोडून शीळ घालायचा. पाहुणे म्हणायचे, "वा! चार नंबरची चाल बघा!" मी फुगून जायचे. कौतुकाने माणूस आंधळा होतो म्हणतात. सायकलही होते.

१९७१ चा मे महिना. सातजणांचं एक मंडळ आलं. त्यांचे पुढारी टोपीवाले साहेब. वाडीच्या अलीकडे साहेबांच्या परदेशी सायकलची साखळी तुटली. शुक्राने क्षणात मला पुढे केलं. "सायेब, तुमी हिच्यावर बसा. तुमची मी खांद्यावर घेतो आन् पुढं जाऊन जेवणाचं सांगतो. पुढं एकच फाटा लागंल. तिथं डहाळी टाकून ठेवतो, म्हंजे चुकणार नाय."

"उत्तम! खूण ठेव," साहेब म्हणाले.

फाट्याशी आलो. उजवी वाट मोकळी होती. डाव्या वाटेवर ऐनाची ताजी हिरवी डहाळी आडवी टाकलेली होती. बेहेड्याच्या वाडीत आडवी डहाळी म्हणजे बंद दार. शेतावर, खळ्यावर, पाण्यावर, जिथे कुणी जायचं नाही तिथे डहाळी. रांगणारं पोरही ती ओलांडत नाही. शुक्राच्या मनातसुद्धा आलं नाही, की जगात कुणाला हे सांगावं लागेल.

"ही बघा खूण!" साहेब ओरडले. "डावीकडे!"

मी काय करणार? मी करकरले, चेन उतरवून बघितली. साहेबांनी चेन चढवली, आणि मला डहाळीवरून घातलं. माझ्या चाकाखाली पानं कुस्करली तो आवाज अजून माझ्या तारांमध्ये अडकलेला आहे.

ती वाट कोरड्या ओढ्यात उतरत होती. तिथे वाळूत डवरा होता. उन्हाळ्यात वाडीतल्या बाया वाळू उपसून खड्डा करतात, कडेने दगड लावतात आणि वर पळसाची पानं झाकतात. थेंब थेंब झिरपून दिवसभरात चाळीस हंडे भरतील एवढं पाणी जमतं. सगळ्या वाडीचं पिणं, रांधणं, सगळं त्यातच.

पाहुण्यांनी पानं बाजूला सारली. "किती गार!" एकाने तोंड धुतलं. दुसऱ्याने पाय सोडले. मग साबण निघाला. आणि साहेब म्हणाले, "सायकलीसुद्धा धुळीने भरल्यात. धुऊन घ्या."

पहिली मला धुतली. माझ्या साखळीचं तेल पाण्यावर पसरलं, त्यात सगळे रंग चमकले. जन्मात मला माझी एवढी घाण वाटली नव्हती.

तेवढ्यात बाया हंडे घेऊन आल्या. पुढे जना, शुक्राची बायको, कडेवर तान्ही आवडी. मागे तिची सासू चंद्रभागा.

"आवो! ह्ये काय केलंत?"

"काय झालं बाई? खुणेनेच आलो. तुमच्याच माणसाने डहाळी टाकली होती."

"डहाळी टाकली म्हंजे येऊ नका! ह्ये कुनाला सांगाया लागतं व्हय?"

"मग पाटी लावायची," साहेब टोपी झटकत म्हणाले. "आम्हाला काय स्वप्न पडतं?"

"पाटी वाचाया आमी साळंत गेलो नाय," जना म्हणाली. "तुमी गेलात. आन् झाकलेलं पानी वळखू आलं नाय?"

साहेब हसले. खरंच हसले, मित्रांनो! "तेज आहे हं बाई!" म्हणाले. मग सगळे जेवायला वाडीत गेले, आणि जेवलेसुद्धा. बायांनी वाडग्यांनी डवरा उपसला. नवा खड्डा खणून पाणी दिसेपर्यंत ऊन उतरलं. तोवर तान्ह्या आवडीचा घसा रडून बसला होता.

वाडीने शुक्राला धारेवर धरलं. "पाव्हण्यांना पान्यावर आणलंस!" चंद्रभागा तर पोटच्या पोराला म्हणाली, "शेरातल्या लोकांत बसून तू आपली डहाळी इसरलास." शुक्रा माझी साखळी पुसत बसला. फडकं कोरडं होतं. तो पुसतच राहिला.

गोष्ट इथे संपली असती तर मी राग गिळला असता. पण साहेबांनी सायकलच्या वाटांचं एक छोटं पुस्तक छापलं. एका पाहुण्याने ते शुक्राला मोठ्या प्रेमाने वाचून दाखवलं: 'फाट्यावर डावीकडे वळावे. वाळूत गार पाण्याचा सुंदर झरा आहे. पाय धुण्यास व सायकली धुण्यास उत्तम.' शुक्राचं नाव त्यात कुठेच नव्हतं. वाडीचंही नव्हतं.

मग दर उन्हाळ्यात पुस्तकवाले येऊ लागले. शुक्राने करवंदीचे काटे टाकले. ते त्यांनी काठीने सारले. कमळाकरने पाटी रंगवून दिली: 'येथे येऊ नये. पिण्याचे पाणी आहे.' लोकांनी दुसरी ओळ वाचली आणि तहानलेले धावत आले. एकदा चंद्रभागेसकट आठ बाया वाटेवर आडव्या उभ्या राहिल्या. सायकलवरच्या पोरांनी घंट्या वाजवल्या, "बाजूला मावशी, बाजूला!" म्हणत बांधावरून सायकली काढल्या आणि पुढे गेली. शुक्राने वाट दाखवणं सोडलं. कमळाकरने नव्या सायकली आणल्या तेव्हा मला मोडीत काढायचं ठरलं. शुक्राने मला मागून घेतलं. तेव्हापासून मी या कुडाला आहे. मागचं टायर गेलंय, घंटी तेवढी वाजते.

तर आज दुपारी हंडा वाजला. सकाळीच एक टोळी डवऱ्यात आंघोळ करून गेली होती. शुक्रा दुकानावर होता. आणि लांब तळ्याकडून पुन्हा घंट्या ऐकू आल्या.

जनाने कधी सायकलला हात लावला नव्हता. तिने माझं हँडल शिंग धरावं तसं धरलं आणि मला ओढत बाहेर काढलं. माझं पेडल तिच्या नडगीला लागलं. ती थांबली नाही. मागून आवडी, आता चार वर्षांची, माझं कॅरियर ढकलत होती. फाट्याशी जनाने मला डाव्या वाटेवर आडवी टाकली.

"डहाळी कळत नाय," ती दात खाऊन म्हणाली, "मानूस कळत नाय. तुमची जात तरी वळखा!"

मी पडून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा योग्य जागी होते.

पाच सायकली उतारावरून आल्या. पुढच्याने मला पाहिलं आणि करकचून ब्रेक दाबला. पाचही जण खाली उतरले. एकजण माझ्याजवळ गुडघ्यावर बसला, माझं वाकडं चाक हळूच फिरवून बघू लागला.

"अरे, कोण पडलं? लागलं का कुणाला?"

"कुनी पडलं नाय," झाडाखालून जना म्हणाली. "वाट बंद हाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पुस्तकाकडे बघितलं. मग, "असं का? बरं," म्हणून उजवीकडे वळले. एवढं सोपं होतं.

मित्रांनो, तुम्ही सायकलवरून जरूर फिरा. तळी बघा, दऱ्या बघा. पण वाटेत काही आडवं दिसलं, झाकलेलं दिसलं, तर खाली उतरा आणि विचारा. विचारायला दम लागत नाही. मी डहाळीवरून गेलेली सायकल आहे. माझं ऐका.

घंट्यांचा आवाज लांब गेला. जना घरून हंडा आणायला वळली. आवडी माझ्याजवळ उकिडवी बसून होती. तिने माझ्या घंटीवरून बोट फिरवलं आणि मान वर करून विचारलं,

"आये, सायकल आडवी पडली तं त्ये थांबलं. आजी आडवी उभी व्हती, तवा का गं नाय थांबलं?"