हसरा फोटो पाठवा

दादाचा चेहरा म्हणजे नुकतंच एरंडेल प्यायल्यासारखा, आणि तोही बारा महिने. कुलुपं दुरुस्त करायचं त्याचं छोटंसं दुकान होतं; गल्लीतली पोरं पाठीमागे त्याला 'बंद शटर' म्हणायची. माणूस मात्र सोन्यासारखा. चाळिशी उलटली तरी लग्नाचं नाव नाही, आणि धाकट्या बहिणीला, चिमीला, त्याचाच घोर लागला होता. तिच्या नवऱ्याची बदली झालेली. महिनाअखेर ती लांब जाणार, मग ह्याच्याशी दोन शब्द बोलणार कोण? त्या विचारानं तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

तेवढ्यात एक स्थळ चालून आलं. रोपवाटिका चालवणाऱ्या बाई. स्वतःच्या पायावर उभ्या आणि बोलायला खमक्या. त्यांची अट एकच. "फोटो पाठवा, पण हसरा. वडिलांचा गंभीर चेहरा जन्मभर पाहिलाय. आता दुसरा नको."

चिमीच्या फोनच्या कॅमेऱ्याची काच फुटलेली, पण ती दातांच्या दवाखान्यात कामाला होती. डॉक्टरीणबाई पेशंटचे दात ज्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यानं टिपायच्या, तो तिनं एका दिवसासाठी मागून आणला. आजवर कधी हात लावला नव्हता, पण एक बटण दाबायला काय अक्कल लागते!

दादाला दुकानातल्या स्टुलावर बसवलं, केस विंचरले. "दात दाखव जरा," ती म्हणाली. दादानं दात दाखवले, पण ते दाढ दुखणारा पेशंट दाखवतो तसे. चिमीनं बटण दाबलं. पुढचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला आणि पुढे काहीच नाही. कॅमेरा ढिम्म! पुन्हा दाबलं, तर दिवाच विझला. शेजारची कळ ओढली, तर पडदाभर दादाचं नाक. दुसरं बटण दाबलं, तर तो तारीख विचारायला लागला. तिनं विनोद सांगून पाहिले, नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल केली. दादाच्या कपाळावरची आठीसुद्धा हलली नाही. चिमीच्या नाकी नऊ आले.

वैतागून तिनं पुन्हा पहिलंच बटण दाबलं, दिवा लुकलुकला; ती वळली आणि कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडे गेलं. तिथं दूधवाल्याच्या कॅलेंडरावर बोळक्या तोंडाचं बाळ खिदळत होतं. खटॅक! निघाला की फोटो.

"बघ, कॅमेऱ्यालासुद्धा तुझं थोबाड नको झालंय!" चिमी बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. दादाला ते लागलं होतं.

"राहू दे चिमे. असला फोटो निघत नाही म्हणून कळव त्यांना."

आता मात्र चिमीला रडू फुटायचंच बाकी राहिलं. सगळं मुसळ केरात, आणि तेही तिच्या जिभेपायी.

पण जे उघडत नाही ते तसंच खाली ठेवणं दादाच्या रक्तात नव्हतं. त्यानं कॅमेरा हातात घेतला, चष्मा नाकावर ओढला.

"एक फोटो निघाला ना? त्यात काय होतं?"

"बाळ."

"आणि बाळ काय करत होतं?"

"हसत होतं. दुसरं काय करणार?"

दादानं वरची गोल चकती निरखली. तिच्यावर डोंगर होता, फूल होतं, चंद्र होता, आणि चकती थांबली होती ती एका हसऱ्या तोंडावर. त्यानं बटण दाबलं, दिवा पाहायला कॅमेरा स्वतःकडे फिरवला. दिवा लुकलुकत होता.

"अगं, बिघडलेला नाही हा! वाट बघतोय! समोरचा हसल्याशिवाय उघडतच नाही!"

कुलूप उघडलं की दादा हसायचा. पण तेव्हा त्याचं तोंड कुलपात आणि पाठ गिऱ्हाइकाकडे, त्यामुळे ते हसू कुणाला कधी दिसलंच नव्हतं. आज कॅमेऱ्याला दिसलं. खटॅक!

फोटो वाकडा आला. दोन नाकपुड्या बोगद्याएवढ्या, एक कान गायब. पण हसू! चिमी बघतच राहिली. शेजारच्या कॉम्प्युटरवाल्याकडून तिनं तो फोनवर घेतला.

"अगं, त्या नाकपुड्या..."

"गप रे!" म्हणत तिनं पाठवूनही दिला.

संध्याकाळी उत्तर आलं. "नाकपुड्यांचं जमवून घेऊ. पण एवढं हसू आलं ते काय बघून?"

दुसरा कुणी असता तर काहीतरी गोडगोड रचलं असतं. दादा म्हणाला, "खरं ते लिही. अडलेलं उघडलं म्हणून." चिमीनं तेच लिहिलं.

लगेच फोन वाजला. "मग रविवारी याच. शेडचं कुलूप कधीचं अडलंय. हत्यारं घेऊन या."

चिमीनं आनंदानं टाळ्या पिटल्या आणि कॅमेरा डबीत ठेवायला घेतला.

"थांब," दादा म्हणाला. "एक तुझा काढू दे. तू गेल्यावर इथं लावीन, कॅलेंडराशेजारी."

चिमी स्टुलावर बसली. दादानं बटण दाबलं, दिवा लुकलुकला. आणि इतका वेळ बागडणाऱ्या चिमीची हनुवटी थरथरायला लागली, डोळे काठोकाठ भरले.

"दात दाखव जरा," दादा म्हणाला.

"नाही रे जमत, दादा."

"जमेल. बिघडलेला नाही तो," दादा म्हणाला, आणि दोन्ही हातांत कॅमेरा धरून वाट बघत उभा राहिला.