न्हाईमधला अर्धा न

कराडला यासीनभाईंच्या डीटीपी सेंटरमध्ये मी एकवीस वर्षं टायपिंग केलं. आमच्या फॉन्टमध्ये अर्धा न धड उमटायचा नाही. यासीनभाईंनी तो स्वतः रेखाटला आणि एका रिकाम्या कीवर बसवला. असा फॉन्ट दुसरीकडे कुठंच नव्हता.

सत्त्याण्णव साली माझे वडील, आकाराम सुभेदार, आमचे अण्णा, तिथंच खुर्चीवर बसून फौजेतल्या आठवणी सांगायचे. मी त्यांच्याच बोलीत टाइप करायची. पुस्तक निघण्याआधी अण्णा गेले. प्रूफं पुरात गेली. पुढं यासीनभाई गेले, कॉम्प्युटर भंगारात गेला. उरली एक फाईल. ती आताच्या कॉम्प्युटरवर वाचता यावी म्हणून मी मागच्या वर्षी साताऱ्यात युनिकोड करून घेतली. 'जुन्या फाईलवरच सेव्ह करायची का?' असं तिथल्या पोरानं विचारलं, तेव्हा मी हो म्हटलं.

परवा तानुकाकीनं निरोप धाडला, "माझ्या मालकाचं पान तेवढं वाचून दाव." तिचा नवरा सयाजी अण्णांबरोबर चौकीवर होता. तो बर्फाखाली गेला आणि अण्णा परत आले. सोडून आले, असं गाव पाठीमागं बोलायचं.

पान छापायला मी यासीनभाईंच्या मुलीकडं, तरन्नुमकडं गेले. ती आता फ्लेक्स करते.

"मावशी, 'पुन्हा'चं 'पुहा' झालंय, 'उन्हाळा'चा 'उहाळा'. अब्बांचा न सगळीकडनं उडालाय."

"घाल की मग."

"घातला. पण हे बघा."

'सयाजीनं बर्फाखालनं हाक मारली. मला ऐकू आली हाई.'

अण्णा 'आहे'लासुद्धा हाईच म्हणायचे.

"हाई का न्हाई, मावशी? तुम्हीच टाइप केलंय."

"टाइप करणारी वाचत नाही गं, अक्षरं बसवते." त्या दिवशीचा अण्णांचा मफलर आठवत होता, शिफ्ट दाबून दुखणारी करंगळी आठवत होती. वाक्य आठवत नव्हतं.

"जुनी फाईल असती तर कळलं असतं. आता काय इलाज न्हाई. न घालू?"

मी पुन्हा हो म्हटलं.

तानुकाकी दारात शेंगा फोडत बसली होती. मी वाचलं, "मला ऐकू आली न्हाई."

तिचे हात थांबले.

"तुझा बा तर म्हनला व्हता, जागच्या जागी गेला, आवाज न्हाई का काय न्हाई."

तिनं हातातली शेंग खाली ठेवली.

"आनि ऐकूच आली न्हाई, तर हाक मारल्याली कळली कशी, बाय? चौकीवर ह्ये दोघंच तर व्हतं."

इतक्या वर्षांत ते वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं.