लुबानचा पहिला नारळ

नारळ मी फोडला. हे आधीच सांगून टाकते, कारण सांगायची वेळ आली तेव्हा सहा दिवस मी तोंड मिटून बसले होते.

मी वासंती पेठे. मस्कतला येऊन चोवीस वर्षं झाली. अल् खुवैरमधल्या ज्या कंपनीत मी ॲडमिन बघते, तिच्या अर्बाबांच्या, म्हणजे मालकांच्या, मनात आलं की बायकांची आइस हॉकीची टीम काढायची, तीही पगारी खेळाडूंची. आखातात चार टीमांची नवी लीग सुरू होत होती आणि तिच्यात मस्कत नाही हे त्यांना बरं दिसेना. टीमचं नाव ठेवलं 'मस्कत लुबान'. बर्फावर धावणाऱ्या पोरींना धुपाचं नाव. मॅनेजर कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा मीटिंगमधल्या पुरुषांनी आधी एकमेकांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. बायकांची टीम म्हणून बाई मॅनेजर, एवढीच माझी लायकी. बर्फ म्हणजे मला फ्रीजमधला ट्रे माहीत. घरी नवऱ्याला सांगितलं तर जयप्रकाश म्हणाला, "घे की. ओरडायला एकदम चौदा जणी मिळतील."

चौदा जणींत चेक होत्या, फिनलंडच्या होत्या, दोघी कझाकस्तानच्या. कोच हेल्मी, तीही फिनलंडची. दिवसाला दहा वाक्यांच्या वर बोलायची नाही. मस्कतमध्ये वाढलेली एकच, उमामा. वीस वर्षांची आणि चणीने सगळ्यांत लहान.

उमामाचे वडील मुनीरभाई आमच्या रिंकचा बर्फ राखायचे. मूळचे रत्नागिरीकडचे, हातात सुतारकी, पण अकरा वर्षं बर्फातच गेलेली. बर्फ सपाट करायची जी मोठी गाडी असते, तिच्या पोटात पातं असतं. ते वरचा थर तासतं आणि मागून गरम पाणी सोडतं, की नवा थर धरतो. मुनीरभाई त्या गाडीला रंधा म्हणायचे. उमामा शाळा सुटली की हमरियाहून बसने बापाकडे यायची आणि दुपारी रिंक रिकामी असताना घसरत बसायची. त्यातून ही खेळाडू तयार झाली. निवडीच्या वेळी अर्बाबांच्या ऑफिसला तिच्या जागी आणखी एक परदेशी पोरगी हवी होती. मी म्हटलं, हिला घ्या नाहीतर दुसरी मॅनेजर बघा. मुनीरभाईंनी त्याबद्दल मला कधी थँक्यू म्हटलं नाही. एक दिवस आमसुलांची पिशवी तेवढी माझ्या गाडीत येऊन पडली.

पहिली मॅच ऑक्टोबरात होती, संध्याकाळी पाचला. मी सकाळी दहालाच नारळ घेऊन रिंकवर गेले. एवढं नवं काम सुरू करायचं आणि नारळ नाही, हे माझ्या मनाला पटेना. मुनीरभाई एकटेच होते. त्यांनी पिशवीकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

"ताई, हितं नको. भायेर पार्किंगला फोडा."

"जिथे काम तिथे नारळ, मुनीरभाई. पार्किंगला फोडायला मी काय गाडी घेतली?"

ते हसले नाहीत. खेळाडू ज्या फाटकातून बर्फावर जातात त्याच्या लोखंडी उंबऱ्यावर मी नारळ टेकवला, तेव्हा म्हणाले, "मग गाऱ्हाणं तरी घाला. आमच्या गावाला देवळाम्होरं घालायचे. आमी बाजूला उभं ऱ्हावून ऐकायचो."

मी पुण्याची. मला आरत्या येतात, गाऱ्हाणं कुठलं? हात जोडले आणि सुचेल ते म्हटलं. "बाबा रे, या पोरींचे हातपाय धड ठेव. आणि उमामाला आधी सांभाळ, ती सगळ्यांत लहान आहे."

"व्हय म्हाराजा," मुनीरभाई पुटपुटले. जुन्या सवयीने आलं असावं. मग ओशाळून दुसरीकडे बघायला लागले.

नारळ पहिल्या फटक्यात फुटला नाही. मला राग आला, दुसरा फटका जरा जास्तच बसला आणि त्याचे पाच-सहा तुकडे होऊन सगळीकडे उडाले. पाणी बर्फावर गेलं. मुनीरभाईंनी ते पुसलं, तुकडे गोळा केले आणि गुडघ्यावर बसून करवंटी जुळवून बघितली. एका कडेला नखाएवढी जागा रिकामी राहत होती.

"ताई, येक तुकडा गावत नाय."

"नखाएवढा तर आहे. खलास, राहू दे."

ते बॅटरी घेऊन अर्धा तास शोधत होते. मग रिंकचे मॅनेजर हारून आले आणि रंधा अजून का फिरला नाही म्हणून ओरडले. रंधा फिरला. गरम पाणी पडलं, थर धरला. मॅचआधी एका रजिस्टरवर 'बर्फ तपासला' अशी सही करायची असते. मुनीरभाईंनी पेन हातात धरून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

पहिल्या सात मॅचेस आम्ही हरलो. बघायला साठ माणसं, त्यांतली वीस आमच्या ऑफिसातून हुकुमावरून आलेली. पार्किंगमध्ये अडतीस डिग्री, आणि माझ्या पोरी जाडजूड पॅडं चढवून गाडीतून उतरायच्या. येणारे-जाणारे थांबून बघायचे. बुटांची पाती घासून आणायला मीच गाल्याच्या वर्कशॉपांत जायची, कारण तिथल्या लेथवाल्याला समजवायला माझ्या हिंदीशिवाय इलाज नव्हता. डिसेंबरात मला ऑफसाइड कळायला लागलं. जानेवारीत मी रेफ्रीवर ओरडले आणि त्याने मला बाहेर काढलं. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा जिंकलो, ते मी काचेपलीकडून पाहिलं. खोटं कशाला बोलू, चोवीस वर्षांत मस्कतमध्ये मला इतकं मनापासून काहीच आवडलं नव्हतं. उमामाने त्या सीझनमध्ये नऊ गोल केले. पुढच्या वर्षाचा करार तिला देणार, असं हेल्मीने एका वाक्यात सांगून टाकलं होतं.

मुनीरभाई प्रत्येक मॅचआधी फाटकापाशी ओणवे होऊन बर्फाकडे बघत बसायचे. मला वाटायचं, कंबर धरली असेल.

एप्रिलमध्ये शेवटची मॅच आमच्या रिंकवर होती. जिंकलो तर फायनल. बाहेर ऊन वाढलं होतं आणि सहा महिन्यांत थरावर थर चढून बर्फ जाड झाला होता. जाड बर्फ मऊ पडतो, मशिनं त्याला पुरी पडत नाहीत. हेल्मी म्हणाली, बर्फ उतरवा. हारूनने हुकूम सोडला.

मुनीरभाई मला शोधत आले. "ताई, बर्फ लय उतरवायला सांगतायत. पार ऑक्टोबरपर्यंत."

"मग उतरवा ना. हेल्मीला कळतं."

त्यांनी फाटकाकडे एकदा पाहिलं आणि परत गेले. ते काय सांगायला आले होते, हे मला तेव्हा समजायला हवं होतं. पण मी फायनलच्या विमान तिकिटांत गुंतले होते.

मॅचच्या दुसऱ्या भागात उमामा फाटकापाशी वळली. तिथे कुणी तिच्या जवळपासही नव्हतं. तिचं पातं कशात तरी अडकलं, पाय तिथेच राहिला आणि बाकीची उमामा पुढे गेली. काचेवर आपटल्याचा आवाज मला अजून आठवतो. मनगट दोन जागी मोडलं, खांद्याचं हाडही गेलं. आम्ही तीन विरुद्ध दोन गोलांनी हरलो.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये मुनीरभाई माझ्यापाशी आले. खिशातून काहीतरी काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. तपकिरी, नखाएवढं.

"ताई, गावला."

एवढं बोलून ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी हारूनने चौकशी लावली. बर्फात पातं अडकण्याजोगा खड्डा होता, खाली काहीतरी होतं, ते काय आणि कुणाच्या हलगर्जीपणाने? मुनीरभाई एवढंच म्हणाले की माझं ध्यान राहिलं नाही. हारूनने सांगितलं, गुरुवारी अर्बाबांच्या माणसासमोर निकाल, आणि बहुतेक व्हिसा कॅन्सल.

तो तुकडा माझ्या पर्समध्ये किल्ल्यांच्या कप्प्यात होता. मला भीती वाटत होती. लोक हसतील, अर्बाब टीम काढून घेतील, आणि ती टीम तोवर माझी झाली होती. मी स्वतःला समजावलं की मुनीरभाईंना दुसरीकडे काम मिळेल, त्यांच्या हातात सुतारकी आहे. दुसऱ्याच्या पोटापाण्याबद्दल इतका धीर आपल्याला कुठून येतो कोण जाणे.

उमामाला भेटायला गेले तर ती घरी नव्हती, टीममधल्या चेक मुलींच्या फ्लॅटवर राहायला गेली होती. हात गळ्यात बांधलेला.

"घरी का नाही गेलीस?"

"आंटी, अब्बा रोज साइन करतात, आइस चेक्ड म्हणून." तिचं मराठी शोधत शोधत येतं. "ते एकच काम आहे ना त्यांचं? मला... मला त्यांचा फेस नाही बघायचा. डॉक्टर म्हणतात, रिस्ट पहिल्यासारखा होईल की नाही, माहीत नाही."

मी तिला सफरचंद कापून दिलं आणि निघून आले.

पाचव्या दिवशी मी जयप्रकाशला सगळं सांगितलं. तो पेपर खाली ठेवून म्हणाला, "तू काय करायला हवंस ते तुला माहीत आहे. मी 'राहू दे' म्हणावं, म्हणून मला विचारतेस." मी त्याच्याशी रात्रभर बोलले नाही.

गुरुवारी हारूनच्या केबिनमध्ये सगळे बसले. हारून, अर्बाबांचा माणूस, हेल्मी, उमामा आणि दाराशी मुनीरभाई. त्यांना कुणी बसायला सांगितलं नव्हतं. बाप-लेक एकमेकांकडे बघत नव्हते. हारूनने कागद पुढे ओढला, तेव्हा मी पर्स उघडून तो तुकडा टेबलावर ठेवला.

"ये क्या है?" हारूनने विचारलं.

"नारियल," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. ऑक्टोबर, उंबरा, दुसरा फटका, मुनीरभाईंनी जुळवलेली करवंटी, 'खलास, राहू दे', सगळं. बोलताना माझा आवाज ऑफिसात असतो तसाच होता, याचं मला नंतर नवल वाटलं.

हारून मुनीरभाईंकडे वळले. "तुम को मालूम था?"

"था."

"तो बोला क्यों नहीं? छह महीने? अभी भी?"

मुनीरभाई हिंदी सोडून आपल्या बोलीत, खाली बघत म्हणाले, "ताईंनी माज्या पोरीचं नाव घेवून फोडलेला व्हता. तिला आदी सांभाळ म्हनून. पोरीसाठी मागितलेल्या नारळाला मी वाईट कसा बोलू?"

हारूनला काही कळलं नाही. त्यांनी मला विचारलं, "क्या बोला?"

खोलीत त्या दोघांशिवाय मराठी येणारी मीच होते. ते वाक्य हिंदीत मला सांगावं लागलं. अर्ध्यावर थांबून मी पाणी प्यायले आणि मग पुरं केलं. हेल्मीने इंग्लिशमध्ये परत सांगायला लावलं, म्हणून दुसऱ्यांदा सांगितलं.

उमामाने डाव्या हाताने तो तुकडा उचलला आणि उलटसुलट करून पाहिला.

"आंटी, हा सहा दिवस तुमच्याकडे होता?"

"हो."

"त्या दिवशी पण? मला ॲपल दिलं तेव्हा?"

"हो."

तिने तुकडा माझ्यासमोर ठेवला. मग उठून दाराशी गेली आणि बापाची बाही धरली. "अब्बा, चला. घरी जाऊ."

मुनीरभाईंना लेखी ताकीद मिळाली आणि नोकरी राहिली. मला अर्बाबांनी चहा पाजून, गोड बोलून ॲडमिनमध्ये परत पाठवलं. टीमला आता दुबईहून आणलेला मॅनेजर आहे. त्याला ऑफसाइड पहिल्यापासून कळतं.

दुसरा सीझन सुरू झाला तेव्हा मी तिकीट काढून गेले आणि वरच्या रांगेत बसले. करार उमामालाच मिळाला होता, अर्ध्या सीझनचा, मनगट सुधारलं तर पुढचा. मॅचआधी मुनीरभाई फाटकापाशी ओणवे झाले आणि उंबऱ्याजवळच्या बर्फावरून त्यांनी उघडा तळहात फिरवला, कडेकडेने, इंच इंच. उमामा आत यायची थांबली होती. त्यांचं होईपर्यंत ती उभी राहिली, काहीतरी बोलली, ते हसले, आणि मग ती बर्फावर उतरली.

जाताना मुनीरभाईंनी वर बघून मला हात केला. उमामाने बघितलं नाही. ती माझ्याशी अजून बोलत नाही आणि मीही तिला अजून काही विचारलेलं नाही.