आईचा एकच फोटो

आमच्या आईला फोटोचं भारी वावडं. "फोटो काढला की हार घालायला मोकळे तुम्ही," असं म्हणून ती पदराआड तोंड लपवायची. श्यामच्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या, मोबाइलमध्ये तिचे ढीगभर फोटो आहेत. सगळे पदराचे!

मी मात्र रोलच्या कॅमेऱ्यावर फोटो काढते. शाळेतून निवृत्त झाले आणि रिकामपणी घरच्यांवर खेकसायला लागले, तेव्हा नवऱ्यानंच कंटाळून माळ्यावरचा जुना कॅमेरा हातात दिला. एका रोलमध्ये छत्तीसच फोटो. त्यामुळे उजेड बघायचा, थांबायचं, श्वास रोखून बटण दाबायचं. तेवढ्या वेळात कोणावर ओरडता येत नाही. कोथरूडच्या आमच्या सोसायटीतसुद्धा हा फरक जाणवला म्हणे!

आईचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. त्या सकाळी निघताना ती आपणहून म्हणाली, "मंदा, काढ बाई तुझा तो फोटो. पण एकच हं." खिडकीपाशी बसली आणि चक्क हसली. मी उजेड बघितला, श्वास रोखला आणि काढला.

ऑपरेशन सुरू झालं आणि जिवाला चैन पडेना. हॉस्पिटलच्या गॅलरीत उरलेला रोल संपवत बसले. झाडं, कबुतरं, लोकांच्या चपला, काय वाट्टेल ते. शेवटी रोल पुढे सरकवते तर सरकेचना. अडकला वाटतं, म्हणून मी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. भर उन्हात! अहो, रोल संपला की आधी तो उलटा गुंडाळून डबीत घ्यायचा असतो, नाहीतर उजेड लागून फोटो जातात. हे मीच चार जणांना शिकवत फिरते. झटकन झाकण लावलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मी मटकन खाली बसले आणि हमसून हमसून रडायला लागले. श्याम धावत आला. त्याला वाटलं, आतून काही निरोप आला.

"आईचा फोटो गेला रे!"

"फोटोचं काय घेऊन बसलीस?" तो डाफरला.

त्याला काय सांगणार, कपाळ? आई परत आली नसती तर तिचा हसरा चेहरा तेवढाच होता माझ्यापाशी.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. "उत्तम झालंय सगळं," म्हणाले. श्यामनं माझा हात घट्ट धरला. हुश्श!

दुसऱ्या दिवशी आत सोडलं. आई जागी होती. मला राहवेना. "आई, तुझा फोटो माझ्याच हातानं खराब झाला गं."

तिनं डोळे किलकिले केले. "मग? मी कुठं पळून चाललेय? दुसरा काढ."

आणि हसली. कॅमेरा घरी राहिला होता. म्हटलं, राहू दे. मी नुसती बघत बसले, अगदी पोटभर.