तीनशे सत्तर

मिस्त्रीला गाडीची उंची मोजायचं वेडच होतं म्हणा ना. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत किती मिलिमीटर, एवढीच ती मोजणी. पण त्याला सगळं जागच्या जागी लागायचं: फरशी सपाट, टायरमध्ये नेमकी हवा, टाकी भरलेली आणि सीटवर माणसाचं वजन. स्वतःच्या गाडीत वजन म्हणून दर रविवारी बायको बसायची.

"मी काय गोणी वाटले का हो तुम्हाला?" असं म्हणायची, आणि बसायची.

"गोणी निदान गप्प तरी बसते," मिस्त्री म्हणायचा.

आकडा ठरलेला, तीनशे सत्तर. वर्षानुवर्षं त्यात फरक नाही. मग एका रविवारी एकाहत्तर आला. पुढे बहात्तर, मग चौऱ्याहत्तर. मिस्त्रीने टेप बदलली, फरशी तपासली, शेवटी तिच्या बाजूची स्प्रिंग काढून कोरी घातली. तरी चौऱ्याहत्तरच! "हल्ली मालच भिकार येतो," म्हणत त्याने कारखानेवाल्यांच्या नावाने खडे फोडले आणि जुनी स्प्रिंग फळीवर टाकली.

महिन्याभरात बायको अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी विचारलं, "यांचं वजन कधीपासून उतरतंय? थोडं आधी आणायला हवं होतं." मिस्त्री म्हणाला, "लक्षात नाही आलं." दवाखान्यातून तो घरी परतला तो एकटाच.

त्याला वर्ष झालं. वर्षभर ती जुनी स्प्रिंग त्याला डोळ्यांसमोर नको असायची आणि टाकवतही नव्हती. आज मात्र त्याने मन घट्ट केलं आणि ती पुन्हा गाडीला बसवली. स्प्रिंग खराब निघू दे, एवढंच त्याचं मागणं होतं. मग दोष स्प्रिंगचा, त्याचा नाही.

मोजणीच्या वहीत पहिल्या पानावर बायकोचं वजन लिहिलेलं होतं, बासष्ट किलो. तेवढी वाळू तोलून त्याने गोणीत भरली, धापा टाकत तिच्या सीटवर ठेवली. गाडी दोनदा दाबून सोडली आणि टेप लावली.

तीनशे सत्तर.

त्याने तीनदा मोजलं. स्प्रिंग बिचारी ठणठणीत होती.

मग त्याला राहवेना. चहाच्या कपाने तो गोणीतली वाळू बादलीत काढत गेला. थोडी काढायची, गाडी दाबायची, मोजायचं. चौऱ्याहत्तर आल्यावर थांबला. काढलेली वाळू काट्यावर ठेवली. बारा किलो भरली.

"बारा किलो!" तो मोठ्याने म्हणाला. "अगं, माझ्या डोळ्यांदेखत तू झिजत गेलीस आणि मी मेला टेपा बदलत बसलो!"

ऐकायला गॅरेजमध्ये चिटपाखरू नव्हतं. त्याने सगळी वाळू पुन्हा गोणीत भरली, सांडलेलीसुद्धा हाताने गोळा केली. मग वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसला.

"बोल ना काहीतरी," तो म्हणाला.

गोणी गप्प बसून राहिली.