कानसेनांचा बाद कागद

ध्वनिसंग्रहालयात त्यांना सगळे कानसेन म्हणत, तेही तोंडावर, आणि त्यांना ते मनापासून आवडे. टेप कुठे जोडली आहे, गाणारा माइकपासून कधी वीतभर मागे सरकला, हे ते डोळे मिटून सांगत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी दर गुरुवारी ते सल्लागार म्हणून यायचे, चहा प्यायचे आणि कोणी मागितला नाही तरी सल्ला द्यायचे.

संग्रहालयातल्या जुन्या टेप लोकांना घरबसल्या ऐकता याव्यात म्हणून त्यांच्या लहान फाइली केल्या जातात. हे काम करणारं सॉफ्टवेअर म्हणजे एन्कोडर. माणसाला जे ऐकू येणारच नाही ते तो आवाजातून काढून टाकतो. आता ऐकू काय येणार नाही, हे ठरवताना त्याची चूक झाली तर गाण्याचा पार चोथा होतो. म्हणून बारा वर्षांपूर्वी कानसेनांनी वीस माणसं बसवून ऐकण्याची चाचणी घेतली होती. तिचा अहवाल त्यांच्या अक्षरात, काचेच्या चौकटीत, भिंतीवर टांगलेला होता.

या वर्षी त्या एन्कोडरची नवी आवृत्ती आली आणि बापलेकीत जुंपली. लेक तिथेच ध्वनिअभियंता होती, आणि हट्टीपणात वडिलांच्या वरताण.

"नवी चाचणी घ्यायला हवी," ती मीटिंगमध्ये म्हणाली.

"कशाला? नुसता नंबर बदललाय. एन्कोडर तोच आहे."

"आतलं निम्मं गणित बदललंय, बाबा. आपण लोकांना सांगतो, हा आम्ही कानांनी तपासलाय. तपासला तो जुना. हा नवा कोणी ऐकलाय?"

"मी ऐकलाय. उत्तम आहे."

"कधी ऐकलात?"

कानसेनांनी कप तोंडाला लावला. तो मघाशीच रिकामा झाला होता.

ऐकला होता त्यांनी, ते काही खोटं नव्हतं. जुन्या चाचणीत किल्ल्यांच्या जुडग्याचा एक नमुना होता. किल्ल्यांचा खळखळाट भल्याभल्या एन्कोडरना झेपत नाही. महिन्यापूर्वी त्यांनी तो नव्या एन्कोडरमधून मुद्दाम सगळ्यात वाईट दर्जात करून ऐकला, आणि तो त्यांना अस्सल मुळासारखाच वाटला. एन्कोडर एवढा चांगला असूच शकत नव्हता. म्हणजे बिघाड दुसरीकडे होता.

हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही, बायकोलाही नाही. घरी सगळं ठीकच चाललं होतं. दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या कपड्यांच्या मशीनचं ते येईल त्याच्यापुढे कौतुक करत. "जुनं मेलं काम झालं की बोंब मारायचं. हे बघा, हूं की चूं नाही!" बायको म्हणायची, "हो, फार गुणी आहे."

संचालकांनी लेकीच्या बाजूने कौल दिला. कानसेन चाचणीला बसले नाहीत तर चार तोंडांनी चर्चा होणार, म्हणून ते बसले.

नमुने बारा. प्रत्येकाला दोन बटणं. एकावर मूळ ध्वनी, दुसऱ्यावर एन्कोडरने केलेली प्रत. कुठलं काय हे कोणी सांगत नाही. दोन्हींना गुण द्यायचे. तीनहून जास्त वेळा ज्याने मुळाला प्रतीपेक्षा कमी गुण दिले, त्याचा कागद बाद. कारण ज्याला मूळच ओळखू येत नाही, त्याच्या गुणांवर विसंबायचं कसं? हा नियम कानसेनांचाच. "इथे दयामाया नाही," असंही त्यांनीच पुढे लिहून ठेवलं होतं.

त्या बंद खोलीत हेडफोन लावून त्यांनी टाळ्यांचा कडकडाट ऐकला. पहिलं बटण, दुसरं बटण, पुन्हा पहिलं. टाळ्या त्या टाळ्याच. मग बासरी, मग किल्ल्या. पुढचं सगळं त्यांनी अंदाजपंचे लिहिलं. शेवटच्या नमुन्यात एक निवेदिका तारीख सांगत होती. तिथे दोन्ही सारखेच वाटले म्हणून त्यांनी दोन्हींना पूर्ण गुण दिले. निदान एक तरी उत्तर खरं असावं, असं त्यांना वाटलं.

पुढच्या गुरुवारी लेकीच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा होता, आणि एक कागद तिच्या कोपराखाली.

"माझा कुठाय?"

"अजून मोजला नाही," ती म्हणाली आणि कानाची पाळी ओढू लागली. खोटं बोलताना ती लहानपणापासून तेच करायची. त्यांनी नुसता हात पुढे केला.

बारापैकी सात वेळा त्यांनी मुळापेक्षा प्रतीला जास्त गुण दिले होते.

"बाबा, त्या दिवशी तुम्हाला सर्दी होती ना? सर्दीने दडे बसतात कानांना. मी तसा शेरा..."

"सर्दी नव्हती मला."

त्यांनी तिच्यासमोरचं लाल पेन उचललं आणि कागदावर आडवं लिहिलं: बाद. अक्षर भिंतीवरच्या अहवालातल्यासारखंच होतं, तसूभरही न बदललेलं.

"नव्या आवृत्तीला नवी चाचणी, हे तुझंच म्हणणं ना?" ते म्हणाले. "मग माझी कधी घेतली कोणी? बारा वर्षं जुन्या अहवालावरच चाललंय माझं."

लेकीचे डोळे भरून आले. त्यांनी विषय बदलला. "एन्कोडरचं काय निघालं?"

"अकरा नमुन्यांत जुन्याच्या गुणांहून सरस. किल्ल्यांत मात्र वाईट. पाण्यात पडल्यासारख्या वाजतात. ते दुरुस्त होईपर्यंत नवी आवृत्ती वापरायची नाही."

"म्हणजे चाचणी हवीच होती."

"हवीच होती."

"आणि मला वाटलं, काय सुरेख किल्ल्या!" ते हसायला लागले, आणि हसता हसता बोलून गेले, "भीती वाटत होती गं. कानच गेले, तर मी उरलो कोण?"

"बाबा," लेक म्हणाली. "ते तुम्ही बिनचाचणीचेच आहात."

मग लेकीने वेळ ठरवली, बायको सोबत गेली, डॉक्टरांनी तपासलं आणि दोन्ही कानांमागे वालाच्या दाण्याएवढी यंत्रं बसली. पहिले दोन दिवस त्यांना स्वतःच्या चपलांच्या आवाजाचाही राग आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते पेपर वाचत होते. समोर बायको शर्टाला बटण लावत होती. इतक्यात आतून बारीक आवाज आला. टूं, टूं, टूं. कानामागचंच यंत्र बिघडलं असं वाटून त्यांनी ते चाचपलं. आवाज थांबेना. त्यांनी मान वर केली, तर बायको सुई शर्टात खोचून, गुडघ्यावर हात टेकून उठत होती.

दोन वर्षं ती अशीच उठत होती. हातातलं काम टाकून, त्यांना तोंड दिसेल अशी समोर येऊन म्हणायची, "मशीन झालं हो, कपडे वाळत घालता का?" आपल्याला कामाला लावते म्हणून ते कुरकुरायचे. ऐकू येत नाही का, असं तिने एकदाही विचारलं नव्हतं.

ते तिच्याआधी उठले. तिच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी तिला हलकेच खाली बसवलं.

"बस तू," ते म्हणाले. "मशीन झालं. मी ऐकलं."