पपायरस मला बघवत नसे

मी एक जुनी धूळपाटी आहे. ऱ्होड्स बेटावरचे गणिती युरिदामास यांच्या घरी माझी हयात गेली. लाकडी चौकट, तिच्यात बारीक वाळू आणि खाली तीन पाय. चौथा पाय सुतार "उद्या देतो" म्हणाला होता. तिथे दगड लावला होता.

मित्रांनो, माझा स्वभाव शांत आहे. फक्त पपायरस, तो शाईने लिहायचा लव्हाळ्याचा कागद, मला बघवत नसे. चौदा वर्षे मालक माझ्यावर रेघा काढत, पुसत, पुन्हा काढत. चुका सगळ्या माझ्या वाट्याला, अचूक आकृती तेवढी त्याच्या. तो जहाजाने अलेक्झांड्रियाला जाई. माझ्यावरून कोंबडी जाई.

गणित्यांची रीत अशी, की आधी नुसते प्रमेय पाठवायचे; समोरच्याला घाम फुटला की मग सिद्धता. मालकांनी अलेक्झांड्रियाच्या गणित्यांना प्रमेय पाठवले. उत्तर आले, "सिद्धता दाखवा, नाहीतर फुशारक्या बंद करा." जहाज दुपारी सुटणार होते आणि सिद्धता माझ्या अंगावर होती.

"दादा, उतरवून घे ना!" त्यांची बहीण क्लेइनो म्हणाली.

"एवढे ऑलिव्ह संपवतो गं."

तिने पपायरस उलगडला. तो मला हसला. निदान मला तसे वाटले. मी दगडावरचा कोपरा सोडला आणि वाळू जमिनीवर सांडली.

"गेली!" क्लेइनो किंचाळली. "सुतार बदल म्हणून कितीदा सांगितलं!"

"ओरडू नकोस. पाठ आहे मला."

मालकांनी थेट शाईने लिहिले.

"दादा, तिसरी रेघ चुकली."

"पुसून वाळेपर्यंत जहाज जाईल. समजून घेतील, शहाणी माणसं आहेत."

शहाण्या माणसांनी समजून घेतले नाही. ऱ्होड्सच्या आखाड्यात पैलवानसुद्धा ओरडू लागले, "आली बघा तिसरी रेघ!" मालकांनी बाहेर जाणे सोडले. क्लेइनो माझ्यावर अंजिरे वाळवू लागली. पपायरसची फजिती झाली होती, पण मला गोड लागेना. अंजिरे असूनही.

एके सकाळी मालकांनी अंजिरे बाजूला केली, वाळू सारखी केली आणि अख्खी सिद्धता काढली. एकही रेघ चुकली नाही. क्लेइनो पपायरस घेऊन धावत आली.

"राहू दे," ते म्हणाले. "आता कोण वाचतंय?"

आणि त्यांनी तळहाताने मला पुसले. वर्षभरात ते गेले.

मित्रांनो, घरात धूळपाटी असेल तर तिला जपा. पण ती भरली, की ऑलिव्ह नंतर खा, आधी उतरवून घ्या. ती सिद्धता आता जगात फक्त मला येते, आणि मला लिहिता येत नाही.